भालबाने महाराजांची कळ काढली

एका जंगलात एक कचेरी होती. मुलांनो, जंगलात कचेरी कशाला, असं विचारू नका. गावातली कचेरी कशाला असते, हे तरी कुणाला ठाऊक आहे?

त्या कचेरीत भालबा नावाचं साळिंदर टंकलेखक होतं. मधात बुडवलेली रताळी खात खात तो सिंहमहाराजांचे हुकूम टंकायचा. भालबा साधा होता, पण चिकित्सक. एकदा डोक्यात काही शिरलं की अंगावरच्या काट्यांसारखं उभंच राहायचं.

एक दिवस त्याला वाटलं, कळफलकावरचा ‘म’ जड लागतोय. आता ‘म’शिवाय महाराजांचा एकही हुकूम सुरू होत नाही. भालबाचं बोट ठणकायला लागलं. त्याने कळफलक काखोटीला मारला आणि घरी आणला.

घरी त्याने एकेक कळ स्प्रिंगसकट काढली. सपाट दगडावर उभी केली. तिच्या डोक्यावर रिठ्याचं टरफल ठेवलं आणि त्यात एकेक गुंज टाकू लागला. कळ ‘टक’ करून खाली गेली की गुंजा मोजायच्या. तेच तिचं वजन.

“कुणी शिंकायचं नाही!” त्याने घरात दम भरला.

त्याची बायको चिमाबाई म्हणाली, “अहो, बोट दाबलं की अक्षर उमटतं ना? मग झालं तर.”

“अगं, उमटतं. पण किती गुंजांनी उमटतं?”

चिमाबाईने कपाळाला हात लावला. इकडे कळ ‘टक’ झाली, आनंदाने भालबाचे काटे उभे राहिले, टरफल कलंडलं आणि गुंजा चुलीत गेल्या. त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

हे सगळं झाडावरून कोतवाल पक्षी बघत होता. तो नावाचाच नव्हे, जंगलाचाही कोतवाल होता. शिवाय कळीचा नारद. तो तडक दरबारात गेला.

“महाराज, भालबाने तुमची कळ काढली!”

शब्दशः खरं होतं. महाराजांनी आयाळ झटकली. “आमची कळ? त्या साळिंदराने?”

महाराजांची कळ काढणाऱ्याला त्या जंगलात एकच शिक्षा होती. दुपारच्या जेवणाला हजर राहायचं. ताटात.

भालबाला धरून आणलं. चिमाबाई मागे उभी राहून पदराने डोळे पुसत होती.

“आमची कळ काढलीस?”

“काढली, महाराज. एक नव्हे, सगळ्याच काढल्या.”

दरबार हादरला.

“कशासाठी?”

“वजन ठेवून बघायला. त्याशिवाय इथलं काय किती वजनाने हलतं, ते कळणार कसं?”

दरबारी एकमेकांकडे बघू लागले. मुलांनो, कचेरीत ‘वजन ठेवणं’ म्हणजे काय, हे तुमच्या बाबांना चारचौघांत विचारू नका. ओशाळतील बिचारे.

“आणि कुणाला किती लागतं, हे तुला ठाऊक आहे?” महाराजांनी विचारलं.

“तोंडपाठ आहे, महाराज! ‘क’ला सकाळी थोडं पुरतं, संध्याकाळी जास्त लागतं.”

कोतवालाची चोच उघडी ती उघडीच राहिली.

“‘द’चं सांगायचं तर तो वरून कडक दिसतो. पण थोडं ठेवलं की लगेच खाली.”

दिवाण अस्वलाला घाम फुटला. तो पुढे सरसावून म्हणाला, “महाराज, प्राणी गुणी आहे. सोडून द्यावं.”

कोतवालही घाईघाईने म्हणाला, “माझ्याच ऐकण्यात चूक झाली.”

पण महाराजांना आता गंमत वाटू लागली होती. “आणि ‘म’?”

भालबाने ठणकणारं बोट पुढे केलं. सगळं दुखणं तिथंच तर होतं. “‘म’चं काय सांगू, महाराज! कितीही ठेवा, पुरतच नाही.”

महाराज मोठ्याने खाकरले. “पुरे! असा हुशार प्राणी ताटात वाया घालवायचा नसतो. आजपासून हा वजनखात्याचा प्रमुख.”

भालबाला काहीच उमगलं नाही. पण जीव वाचला. नवी ऐसपैस गुहा मिळाली, कळफलकही परत मिळाला. रोज सकाळी दारात रताळ्यांची टोपली यायची. कधी कोतवालाकडून, कधी दिवाणांकडून. “आमचं कुठं बोलू नका,” एवढाच निरोप असायचा.

एकदा चिमाबाई कळफलक पुसायला बसली. ‘म’ उपसून बघते तो स्प्रिंगच्या वेटोळ्यांत मधाचा वाळका थर! तिने तो खरवडला. कळ बोट लागताच खाली गेली.

“अहो, स्प्रिंग चांगलीच होती की! तुमचाच मध सांडला होता.”

भालबाने आधी ‘म’ दाबून बघितला. मग दारातल्या टोपलीकडे बघितलं.

“हळू बोल,” तो म्हणाला. “खातं बंद पडेल.”

आणि त्याने एक रताळं मधात बुडवून ‘म’खाली नीट पिळलं.

तात्पर्य : मुलांनो, नेहमी खरं बोलावं. खरं बोलणाऱ्याचं भलंच होतं. फक्त ऐकणारे चोर असायला हवेत.