पितळी हत्ती आणि आईसाहेबांचा किल्लेकोट

“हा जिना ज्यानं बांधला ना, त्याला म्हातारपणी इथंच वरच्या मजल्यावर ठेवला पाहिजे,” ऐसी कुरकुर दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, कठड्यास धरोन, दोन धापांच्या मधोमध सूनबाईंच्या मुखातून निघाली. ती आणिक कोणी ऐकिली नाही, एका बखरकाराचे कानी मात्र पडली, आणि तेथूनच हा मजकूर आरंभिला आहे. वाचणारांनी चष्मे पुसोन, चित्त ठायी ठेवोन परिसावे. मोठमोठे गड घेतले गेले, त्यांच्या हकीकती मोठमोठ्यांनी लिहिल्या. परंतु एका म्हाताऱ्या बाईस तिचे मर्जीने एका घरातून दुसऱ्या घरात नेणे, ही मोहीम गड घेण्याहून अवघड असता तियेविषयी कोणी चार ओळी खर्चिल्या नाहीत, सबब ही तसदी घेणे प्राप्त जाहले.

तरी प्रथम मानकरी कोण कोण, ते सांगतो. जिथे लिफ्ट नाही आणि नळास पाणी लहर लागेल तेव्हा, ऐशा इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आईसाहेबांचे तख्त. आईसाहेब म्हणजे सूनबाईंच्या सासूबाई. उमेदीचे काळात टेलिफोनच्या कचेरीत तारा जोडावयाच्या हुद्द्यावर होत्या, आणि अवघ्या शहराची बोलणी त्यांनी एकमेकांस जोडोन दिली, आणि स्वतःचे मनातले बोलणे कोठे जोडावे हे मात्र त्यांस कोणी शिकविले नाही. त्यांचे चिरंजीव धिप्पाड, मिशाळ, चालले की जिना दणाणे. घरात नाव टिल्लू. धंदा लिफ्टदुरुस्तीचा. शहरातील यच्चयावत मातांस बटणासरशी वर पोचविणारा हा मर्द, आणि खुद्द त्याची माता भाजीची पिशवी घेवोन जिन्याने चढे. आईसाहेब दुपारचे वेळी तक्रारीच्या नंबरावर फोन लावीत, आणि चिरंजिवांनी उचलला की फर्मान सोडीत, “आमच्या इमारतीत लिफ्ट नाही. तक्रार नोंदवून घ्या.” तिकडून अर्ज होई, “आई, जेवलीस का?” तेव्हा दुसरे फर्मान, “आधी तक्रार लिही.”

सूनबाई चष्म्याच्या दुकानात चाकरीस. माणसास खुर्चीत बसवोन, डोळ्यापुढे काच धरोन, “आता खालची ओळ वाचा” म्हणणे हा त्यांचा नित्याचा उद्योग. सबब लोक जे पाहावयाचे टाळतात ते नेमके पाहण्याची खोड त्यांस लागली होती.

आता मागील शिकस्तीचा मजकूर. गेल्या महिन्यात चिरंजिवांनी आपल्या घरची रिकामी खोली रंगविली, आणि पडदे लाविले, आणि कोणास न विचारता, न सांगता, टेम्पो आणि दोन हमाल दिमतीस घेवोन आईसाहेबांच्या दारावर चाल करोन गेले, आणि थेट पलंगासच हात घातला. पलंगाचा एक पाय उंबऱ्याबाहेर पडला न पडला, तो आईसाहेब स्वयंपाकघरातून चिमटा घेवोन बाहेर आल्या आणि कडाडल्या, “कोपऱ्यात नेऊन ठेवायला मी काय छत्री आहे? पलंग खाली ठेवा, नाहीतर मी त्याच्यावर बसते आणि मग उचला!” हमाल शहाणे, पलंग खाली ठेविला. मग फौज माघारा फिरली, आणि टेम्पोवाल्यास तेवढा आईसाहेबांनी चहा पाजिला, की त्या बापड्याचा यात काय गुन्हा. त्या दिवसापासून खोलीचा विषय कोणी काढावयाचा नाही, ऐसा अलिखित तह उभयपक्षी जाहला. खोलीचे दार लावोन घेतले गेले. चिरंजीव आईकडे आले तरी हवापाण्याचे बोलत आणि विजेचे बटण ढिले आहे का पाहोन परतत.

एक बुद्धिबळाचा पट तेवढा उरला. दर रविवारी संध्याकाळी सूनबाई जिना चढोन येत आणि सासूसुनेची लढाई खिडकीपाशी जुंपे. पांढरी फौज आईसाहेबांस कायमची इनाम. त्या फौजेतील राजाकडील हत्ती फार मागेच हरवला, त्याचे जागी टेलिफोनच्या बोर्डावरील जुनी पितळेची पिन उभी असे. ती सूनबाईंस हत्तीहून अधिक दिमाखदार वाटे. सूनबाईंनी आजवर एकही डाव जिंकिला नव्हता, हेही येथे नमूद करितो, कारण पुढे त्यास किंमत आहे.

या पटावर किल्लेकोट म्हणोन जी मसलत आहे, तिचे कायदे आईसाहेबांनी सुनेस फर्मानांनीच शिकविले. राजा आणि हत्ती उभयतां आपापल्या मूळ जागी असावे, मध्ये आपला घोडा, उंट कोणी अडून राहू नये, मग राजाने हत्तीकडे दोन घरे जावे, आणि हत्तीने राजावरोन उडी घेवोन त्याचे पलीकडील अंगास लगटोन उभे राहावे, आणि हे सारे एकाच खेळीत. एकदा सूनबाईंचा राजा एक घर सरकला आणि पुढचे खेळीस परत आला. नंतर किल्लेकोट करू गेल्या तो हुकूम जाहला, “नाही चालणार.”

“अहो आई, पण तो परत घरी आलाय ना?”

“शेजारी जाऊन आला ना? झालं मग. एकदा हलला तो हलला.”

शह लागला असता किल्लेकोट नाही. ज्या घरावरोन राजा जाणार आणि ज्या घरी उतरणार, तेथे शत्रूची नजर असता किल्लेकोट नाही. हत्तीवर मारा असला तर मात्र चालतो. “हत्तीनं सोसायचं,” ऐसे आईसाहेब म्हणाल्या आणि मग उगाच खिडकीबाहेर पाहात राहिल्या. आणिक मसलत ऐशी की, लढाई तापण्याआधीच राजा कोपऱ्यात न्यावा, म्हणजे पटाचा मधला भाग उघडा पडला तरी तो सापडत नाही, आणि हत्ती आपसूक मैदानात उतरतो. कोपऱ्यात बसल्यावर पुढली प्यादी उगाच हलवू नयेत. तरी वेळ पाहोन एक प्यादे एक घर पुढे करावे, नाहीतर राजा आपल्याच भिंतीआड गुदमरोन मात होतो. “खिडकी ठेवायची,” हा त्याचा सारांश.

या कायद्यांत एका ठिकाणी सूनबाई हटकोन चुकत. किल्लेकोट करावयाचा म्हणजे त्या आधी हत्ती उचलीत. मग आईसाहेबांचा हात पटावर आडवा पडे. “हत्तीला हात लावलास, आता हत्तीच चालव. गेला तुझा किल्लेकोट.” सूनबाई एकदा कळवळोन म्हणाल्या, “पण आई, हत्तीनंच जाऊन राजाला आणायचं ना?” त्यावर उत्तर आले, “राजाला कोणी आणत नाही. राजानं आपण उठायचं. आधी राजा, मग हत्ती.”

एवढे कायदे जाणणाऱ्या आईसाहेब स्वतः मात्र उभ्या जन्मात किल्लेकोट करीत नसत. त्यांचा राजा भर मैदानात, चहूकडून बाण येत असता, तसाच ताठ. सूनबाईंनी सुचविले असता तेच छत्रीचे उत्तर मिळे. आणि मौज ही की ऐसे करोनही त्याच जिंकीत.

ऐसे चालत असता, त्या रविवारी सूनबाई वर जात होत्या, तो पहिल्या मजल्यावरील शिंपीणबाईंनी तोंडात टाचण्या धरोन दारातूनच खबर दिली, “तुमच्या सासूबाई परवा माझ्या पायरीवर अर्धा तास बसल्या होत्या हो. म्हटलं, काय झालं? तर म्हणाल्या, तुझ्या मशीनचा आवाज ऐकतेय, छान लागतो.” मग वर पोचल्या, तो आणखी एक गोष्ट दृष्टीस पडली. दारामागील फरशीवर खुर्चीच्या पायांचे ओरखडे होते, ताजे, आणि खुर्चीवर एक पातेले पालथे, जेणेकरोन दार ढकलिले असता खणखणाट व्हावा. रात्री कोणी दारास खुर्ची लावोन निजते, हे सांगावयास खालची ओळ वाचावी लागत नाही. सूनबाईंनी पातेले मोरीशी नेवोन ठेविले आणि काही बोलल्या नाहीत, कारण तह.

डाव मांडिला. त्या दिवशी सूनबाई ऐशा खेळल्या की काळ्या फौजेस जणू नवीन रसद मिळाली. आईसाहेबांचा घोडा आणि उंट पुढे निघोन गेले, राजा आणि पितळी पिन यांमधील दोन्ही घरे मोकळी पडली, पटाचा मधला भाग उघडा जाहला, आणि काळा उंट दूरच्या टोकास जावोन तिरका रोखोन ऐसा बसला की राजाच्या वाटेतील पहिल्या घरावर त्याची नजर. म्हणजे किल्लेकोट बंद. पुढले खेळीस काळा हत्ती मधल्या ओळीत आणिला की शह, आणि त्याउपरि आईसाहेबांचा राजा पळता भुई थोडी. सूनबाईंस आयुष्यातली पहिली फत्ते ढळढळीत दिसत होती.

इतक्यात जिना दणाणला आणि चिरंजीव अवजारांची पिशवी खांद्यास लावोन हजर जाहले, बायकोस न्यावयास. त्यांस बुद्धिबळातले ओ की ठो कळत नसे. “कोण मारतंय?” ऐसी पृच्छा केली.

“तुझी बायको. गप बस,” आईसाहेब म्हणाल्या. आवाजात जरब होती, परंतु पटावरील हात त्यांनी चटकन पदराखाली दडविला. हे सूनबाईंनी पाहिले.

मग सूनबाईंनी फार वेळ विचार केला, इतका की चिरंजिवांनी दोनदा मनगटावरील घड्याळ पाहिले. आणि त्यांनी हत्तीस हात लाविला नाही. दूरचा तो उंट उचलिला आणि गुमान आपल्या घराकडे माघारा आणोन ठेविला. वाट मोकळी जाहली.

आईसाहेबांनी चष्मा नाकावर वर सरकविला, आणि पट पाहिला, आणि सुनेचे तोंड पाहिले.

“उंट का काढलास? तिथं बसून माझी वाट लावत होता की.”

“कंटाळला तो, आई. किती वेळ नजर ठेवणार?”

“मुद्दाम केलंस.”

“मला येतंय कुठं मुद्दाम करायला? मी अजून हत्तीच आधी उचलते.”

चिरंजिवांनी “आई, ती खोली” एवढे दोन शब्द उच्चारिले मात्र, तो टेबलाखालोन सूनबाईंचा पाय त्यांच्या बुटावर ऐसा पडला की उरलेले वाक्य त्यांनी गिळले आणि डोळ्यांत पाणी आणिले. खाली शिंपीणबाईंचे मशीन चालत होते, तेवढा आवाज.

मग आईसाहेबांनी हात पदराबाहेर काढिला. तो पितळी पिनेवरोन गेला, तिला शिवला नाही, आणि राजावर जावोन थांबला. राजा उचलिला गेला. एक घर, आणि दुसरे घर, आणि तेथे त्यांनी तो ठेविला, हळू, जणू तापलेले भांडे ठेवावे तैसा. आणि मग ज्या बाईने पटावरच्या कायद्यात कोणास कधी सूट दिली नाही, तिने फर्मान काढिले, “हत्ती तू ठेव. माझा हात पोचत नाही.” हात पोचत होता, पट काही एवढा मोठा नव्हे. सूनबाईंनी ती पिन दोन बोटांत धरिली, राजावरोन पलीकडे नेली आणि त्यास लगटोन उभी केली.

“त्या खोलीला खिडकी आहे का रे, टिल्लू?” आईसाहेबांनी पटावरोन दृष्टी न काढिता विचारिले.

“आहे,” चिरंजीव म्हणाले. “रस्त्यावर उघडते.”

“उघडायची की लावायची ते मी ठरवणार.”

“हो.”

येणेप्रमाणे रविवारी सायंकाळी, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीपाशी, सर्व कायदे आणि दस्तूर सांभाळोन आणि फक्त एक मोडोन, आईसाहेबांचा पहिला किल्लेकोट सिद्ध जाहला. डाव अर्धाच राहिला. तो कोण जिंकले असते, हे सूनबाईंस पक्के ठाऊक आहे आणि त्या कोणास सांगणार नाहीत. काळी फौज पांढऱ्या फौजेसह एका डब्यात भरली गेली, पितळी पिन आईसाहेबांनी आपले हाताने वरती ठेविली, आणि डब्याचे झाकण लाविता लाविता, कोणाकडे न पाहता, त्यांनी जो तहनामा स्वमुखे उच्चारिला, तो बखरकार कानामात्रेचा फरक न करिता येथे दाखल करितो आणि लेखणी ठेवितो:

“रात्री मला इथं एकटीला भीती वाटते. आज मी येते तुमच्याबरोबर. पलंग मागून आणा.”