वांगी रंगाचा पुरावा

"रंगच रजिस्टर करून टाकू," मी सहज म्हणालो आणि तिथेच फसलो.

त्याचं असं झालं. माझ्या बायकोची कोपऱ्यावर लॉन्ड्री आहे. आठ वर्षं ती इस्त्रीचे कपडे वांगी रंगाच्या कागदात बांधून देते. तो कागद तिने स्वतः हुडकून काढला. (मी पांढरा सुचवला होता. माझं ऐकतं कोण.) वर्षापूर्वी समोर दुसरी लॉन्ड्री उघडली आणि तिथूनही वांगी गठ्ठे निघू लागले. लोक गोंधळून तिकडे कपडे टाकायला लागले. बायको भांडली नाही, रडली नाही. नुसती रिकाम्या फळ्यांवरून फडकं फिरवत बसायची आणि मला ते बघवेना.

आता मी पडलो वकीलसाहेबांकडचा टायपिस्ट. ट्रेडमार्कचे अर्ज सतरा वर्षं माझ्या बोटांखालून जातायत, डोक्यातून नाही. तरी ऐटीत म्हणालो, "नावासारखा रंगही आपल्या मालकीचा होतो."

"अहो, रंग काय कुणाच्या बापाचा असतो?"

"असतो. रंग बघितल्याबरोबर लोकांना तुझंच दुकान आठवतं, एवढं सिद्ध करायचं."

ती कितीतरी दिवसांनी जराशी हसली. झालं, माझी माघार घ्यायची सोय राहिली नाही.

वकीलसाहेबांनी अर्ज केला, समोरच्या लॉन्ड्रीवाल्याने हरकत घेतली आणि सुनावणी लागली. साहेब म्हणाले, "शंभर जणांना कोरा वांगी कागद दाखवायचा आणि काय आठवतं ते विचारायचं. उत्तर शब्दशः हवं. आणि घरच्यांनी मध्ये तोंड घालायचं नाही." म्हणून त्यांनी एक सर्व्हेवाल्या बाई नेमल्या. बाई घरोघर हिंडल्या आणि शंभर उत्तरं माझ्या टेबलावर आणून टाकली. मी एका दुपारी सगळी टाइप केली, एकही चूक न करता. (चांगला टायपिस्ट अक्षरं वाचतो, मजकूर नाही. मजकुरात शिरलं की वेग जातो.) शंभरातल्या एक्याऐंशी जणांनी बायकोचं दुकान ओळखलं होतं. साहेबांनी तेवढा आकडा बघितला आणि खुशीत सही ठोकली.

सुनावणीला बायको ठेवणीतले कपडे घालून आली. ट्रेडमार्क कचेरीतल्या अधिकाऱ्यांनी चष्मा पुसला आणि उत्तरं मोठ्याने वाचायला घेतली.

"'कोपऱ्यावरच्या बाईंच्या लॉन्ड्रीचा कागद. इस्त्री झकास. फक्त रविवारी त्यांचे मिस्टर गठ्ठे पोचवतात, तेव्हा आधी उघडून बघावं.'"

मी खुर्चीत सरळ झालो.

"'हा रंग दिसला की छातीत धस्स होतं. माझ्या कोटाऐवजी कुणाचे तरी पडदे आले होते.' पुढचं. 'या लॉन्ड्रीमुळे मी पुतणीच्या लग्नात परक्याची पँट घालून उभा होतो. फोटोत घोटे दिसतात.' आणि हे. 'तिसऱ्या मजल्यावरच्यांचे कपडे आमच्याकडे आले, आमचे त्यांच्याकडे गेले. तेव्हापासून छान ओळख झाली. मिस्टरांना नमस्कार सांगा.'"

वकीलसाहेब माझ्याकडे बघत होते. मी पंख्याकडे बघत होतो.

"सगळे गठ्ठे एकाच रंगाचे," मी बायकोच्या कानात पुटपुटलो. "ओळखायचे कसे?"

"वर नंबर असतो."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"हौसेनं करता, म्हणून. सोमवारी मी जाऊन बदलून यायची."

सोमवारी संध्याकाळी ती पाय मोकळे करायला जाते, असं मी आठ वर्षं समजत होतो. मला मनापासून लाज वाटली. तिच्या आठ वर्षांच्या कष्टांवर मी माझ्याच हाताने, तेही बिनचूक टाइप करून, पाणी फिरवलं होतं.

अधिकाऱ्यांनी कागद खाली ठेवले. "हरकतदारांचं काय म्हणणं आहे?"

समोरचा लॉन्ड्रीवाला सावकाश उठला. "साहेब, मी हरकत मागे घेतो. येईल ते गिऱ्हाईक माझ्या दुकानात उभ्या उभ्या गठ्ठा सोडून कपडे का मोजतं, ते आज कळलं. मला वाटायचं, माझा चेहराच तसा आहे. हा रंग फुकट दिला तरी नको."

"शंभरात एक्याऐंशी," अधिकारी म्हणाले. "रंगाची ओळख पक्की आहे. ती चांगली की वाईट, ते कायदा विचारत नाही." आणि त्यांनी नोंदणीचा हुकूम लिहायला घेतला.

जिना उतरताना मी जरा धीर करून म्हणालो, "शेवटी रंग मीच मिळवून दिला ना?"

"तुम्हीच," ती म्हणाली आणि इतकी हसली की तिला कठडा धरावा लागला. वर्षभरात ती अशी हसली नव्हती. मला फार बरं वाटलं.

आता प्रमाणपत्र फ्रेम करून काउंटरच्या वर लावलंय. दुकान पुन्हा भरलंय. नवीन गिऱ्हाईक गठ्ठा घेताना ते वाचतं आणि कौतुकाने विचारतं, "रंग तुमचा आहे हे सिद्ध कसं केलंत हो?"

बायको नुसतं माझ्याकडे बोट दाखवते. गिऱ्हाईक मला खालपासून वरपर्यंत न्याहाळतं, 'ते रविवारचे मिस्टर हेच' अशी मान डोलावतं आणि हातातला गठ्ठा तिथेच सोडून कपडे मोजायला लागतं.