मालोजी बेंजोवाल्याची राहिलेली हळद

मालोजी बडेकरांची बोटं बेंजोच्या बटणांवर होती, कानांवर भलेमोठे हेडफोन होते, समोर माईक होता आणि वाजत मात्र काहीच नव्हतं.

"काका, करा सुरू," काचेपलीकडून रेकॉर्डिंग करणारा मनोज म्हणाला.

"करतो ना," मालोजी म्हणाले आणि तसेच बसून राहिले.

पळसदरीच्या त्या स्टुडिओत आज मालोजींचा स्वतःचा, पहिलावहिला अल्बम रेकॉर्ड व्हायचा होता. कर्जत-खालापुरात ज्यांची म्हणून हळद लागली, त्यातले निम्मेअधिक लोक मालोजींच्या बेंजोवर नाचलेले होते. पण ते ज्या पार्टीत वाजवायचे तिचं नाव 'विकास बेंजो पार्टी'. विकास हा मालकाचा मुलगा. बेंजो कुठल्या बाजूने धरतात हे त्याला ठाऊक नव्हतं, तरी बॅनरवर गॉगल लावून तोच उभा असायचा. मालोजींना सगळा तालुका 'ओ बेंजोवाले' अशी हाक मारायचा. आपलं नाव एकदा तरी मोठ्या अक्षरांत छापून यावं, एवढीच त्या माणसाची इच्छा होती.

ती पुरी करायला भिसेगावचा योगेंद्र पुढे सरसावला होता. लहानपणी मालोजींच्या बेंजोवर नाचलेला हा मुलगा आता 'काळा कातळ' नावाच्या रॉक बँडमध्ये गिटार वाजवायचा. "अल्बम तुमचा, काका. आम्ही फक्त पाहुणे," असं म्हणून तो ड्रम वाजवणाऱ्या सुरभीसकट अख्खा बँड घेऊन आला होता. दुसऱ्या दिवशी बँड बंगळूरला निघणार होता, तो महिनोन् महिने परतणार नव्हता. म्हणजे व्हायचं ते आजच व्हायला हवं होतं.

"काका, अडलंय कुठं?" योगेंद्रने विचारलं.

"ही कानात टिकटिक कोन करतंय?"

"तो ताल आहे. त्याच्याबरोबर वाजवायचं."

"त्याला पाय नायत रं," मालोजी कळवळून म्हणाले.

आता यात मालोजींचं काही चुकत नव्हतं. हळदीत बेंजोवाला ताल घेतो तो नाचणाऱ्यांच्या पायांवरून. पाय पेटले की हात पळवायचा, पाय दमले की सैल सोडायचा. जन्मभर खाली बघून वाजवल्यामुळे मालोजी नवरदेवाच्या मामाला चेहऱ्याने ओळखत नसत, टाचांनी ओळखत. इथे समोर पाय नव्हतेच. समोर होती राखाडी फोम लावलेली भिंत.

"मग मी नाचतो," मनोज म्हणाला. तो आत आला आणि नाचू लागला. मालोजींचे डोळे चमकले, बोटं सरसर धावली. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. नंतर ऐकून बघितलं, तर गाणं चक्क लंगडत होतं. मनोजच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं होतं, आणि मालोजींनी त्याचा प्रत्येक लंगडा ठेका इमानेइतबारे वाजवला होता.

"माझ्या बहिनीला फोन लाव," मालोजी म्हणाले. "ती पाय घेऊन येईल."

थोरल्या बहिणीचं, नंदाचं, कडाव गावात वजन होतं. दुपारपर्यंत टेंपोभर बाया स्टुडिओच्या अंगणात उतरल्या. त्यांच्या मागून मालोजींची बायको वनिता उतरली. तिच्यासोबत कोंबडीच्या रश्शाचा टोप आणि तांदळाच्या भाकऱ्यांची पाटी होती. नवऱ्याच्या घरचं कार्य म्हटल्यावर पाहुण्यांना उपाशी कसं ठेवायचं, हा तिचा साधा हिशेब. नवरा गावोगावच्या हळदीत वाजवत असताना ती घरीच असायची. तो नेमका वाजवतो कसा, हे तिने कधी धड पाहिलंही नव्हतं.

खोलीत एवढ्या बाया मावेनात, म्हणून मनोजने सगळे माईक अंगणात आणले. सुरभीने ड्रम मांडले. आता काहीच अडचण उरली नव्हती, एवढ्यात नंदाने कमरेवर हात ठेवले.

"हळद कुनाची हाय?"

"हळद नाही आत्या, रेकॉर्डिंग आहे. तुम्ही फक्त नाचायचं," योगेंद्र म्हणाला.

"नवरदेव नाय आनि हळदीचा नाच? काय येडी समजलास काय आमाला? चला गं बायांनो."

बाया खरोखरच टेंपोकडे निघाल्या.

"थांबा, थांबा! मी होतो नवरदेव!" योगेंद्र ओरडला.

"आनि तुजी आई मला इचारंल, सून कुठं हाय म्हनून! तिला काय सांगू?"

योगेंद्रने घाबरून सुरभीकडे पाहिलं. तिने घाईघाईने ड्रमचा स्क्रू आवळायला घेतला.

नंदाची नजर मात्र आता मालोजींवर स्थिरावली होती.

"मालू," ती म्हणाली, "तुजी हळद बाकी हाय."

"काय बोलतेस आक्का!"

"खरं तेच बोलते. तुज्या हळदीला त्या बेंजोवाल्याला ताप भरला, आनि तू पाटावरनं उठून सोताच वाजवाया बसलास! मी करवली हळदीची वाटी घेऊन हुबी, आनि नवरदेव पाव्हन्यांना नाचवतोय. त्या दिवशी माजा मान बुडवलास. आज बस पाटावर!"

बायांनी एकच गिल्ला केला. स्टुडिओच्या स्वयंपाकघरातून हळदीची बरणी आली, पाट आला. साठी ओलांडलेले मालोजी मांडीवर बेंजो घेऊन पाटावर बसले. नंदाने त्यांच्या गालाला हळद फासली आणि इतकी वर्षं पोटात ठेवलेला राग तिथल्या तिथे निवला. तिचे डोळेच भरून आले. मग तिने पदर खोचला, आणि अंगणात पाय पडू लागले.

मालोजींनी ते पाय पाहिले मात्र, बेंजो असा काही सुटला की सुरभी क्षणभर काठ्या हातात धरून नुसती बघतच राहिली. मग तीही घुसली. योगेंद्रची गिटार गुरगुरली. हाताला लागलेल्या हळदीने बेंजोची बटणं पिवळी झाली. टेंपोवाला नाचला, शेजारच्या फार्महाऊसवर आलेलं मुंबईचं कुटुंब कुंपण ओलांडून आलं आणि नाचलं, मनोज हेडफोनसकट लंगडत नाचला. मालोजींनी असं कधी वाजवलंच नव्हतं. आज ते स्वतःच्या हळदीत, स्वतःच्या नावाने वाजवत होते.

एकच गोष्ट राहिली. ते थांबेनात.

मनोजने हातांनी खुणा केल्या. पण मालोजी हात बघतच नव्हते, पाय बघत होते. आणि बेंजो चालू असताना थांबणं बायांच्या रक्तात नव्हतं. गिटारची तार तुटली. सुरभीच्या एका काठीचे दोन तुकडे झाले, दुसरी गळून पडायला आली.

"कुणीतरी थांबवा यांना!" ती ओरडली.

तेवढ्यात रश्शाच्या टोपाजवळून वनिताचा आवाज आला.

"अवो, आता बास! रस्सा निवला. जेवून घ्या!"

बेंजो, ड्रम, गिटार आणि झाडून सगळे पाय एका क्षणात थांबले. हळद थांबवायचा हक्क घरच्या बाईचा असतो, तिथे कुणाचं काही चालत नाही.

"असला शेवट मी जन्मात ऐकला नव्हता," मनोज धापा टाकत म्हणाला. "मावशींचा आवाज तेवढा कापून टाकतो."

"हात लावशील तर बघ," मालोजी म्हणाले.

अल्बम आला. त्यावर मोठ्या अक्षरांत 'मालोजी बडेकर' छापलं होतं, खाली बारीक अक्षरांत 'पाहुणे : काळा कातळ'. मालोजी कर्जतच्या बाजारात जरा छाती काढून फिरू लागले. पण तोवर तो शेवटच भलता गाजला. खोपोलीपासून नेरळपर्यंत प्रत्येक हळदीत ते गाणं वाजायचं आणि शेवटी सगळं अंगण एका सुरात ओरडायचं, "आता बास! जेवून घ्या!" लोक वनिताला रस्त्यात थांबवून सेल्फी काढू लागले. मागे उभ्या असलेल्या माणसाला म्हणायचे, "काका, जरा बाजूला व्हा."

खालापुरातल्या एका हळदीला दोघांना मानाने बोलावलं. माईकवर घोषणा झाली, "आपल्या लाडक्या वनितामावशी, आणि त्यांचे मिस्टर!"

मालोजींनी वनिताकडे पाहिलं. ती तोंडावर पदर धरून हसत होती.

"हसतेस काय? मिस्टरांचं वाजवनं तरी बघ आज," ते म्हणाले आणि बेंजो पुढे ओढून मान खाली घालून सुरू झाले. गाणं रंगलं, शेवटाला आलं, आणि शेकडो माणसं ओरडली, "आता बास! जेवून घ्या!"

मालोजी थांबले नाहीत. लोक पुन्हा ओरडले, यजमान हातापाया पडला, आत पंगतीत वाढलेला भात निवून गेला. मालोजी वाजवतच राहिले. कारण ते वाक्य जिचं होतं, तिने ते अजून म्हटलंच नव्हतं. तिचे पाय त्यांच्या समोर नाचत होते, आणि ते पाय त्यांनी वर न बघता ओळखले होते.