माती चाखणारे तात्या

पुण्यातल्या एका टेनिस क्लबच्या लाल कोर्टावर जोडे काढून उतरलेला आणि चिमूटभर कोर्ट जिभेवर ठेवून डोळे मिटलेला माणूस तुम्ही पाहिला आहे का? मी पाहिला आहे. खरं तर मी लाजेनं दुसरीकडे बघत होतो, पण त्यांना तिथं घेऊन गेलेलो मीच, त्यामुळे सुटका नव्हती. क्लबचा माळी धावत आला. तात्यांनी सावकाश डोळे उघडले, थुंकायला कोपरा शोधला आणि त्याला म्हणाले, "विटाचा चुरा जास्ती झालाय, राव. मुरूम घाला अजून. त्या कडंला बैलाचा पाय सरकंल."

"इथं बैल नसतात, आजोबा."

"मग पोरींचा सरकंल."

तिसऱ्या गेमला माझ्या मुलीसमोर खेळणारी मुलगी नेमकी त्याच कडेला घसरून बसली. त्यानंतर आम्ही जेव्हा जेव्हा त्या क्लबात गेलो, तेव्हा माळ्यानं तात्यांना आधी चहा दिला आणि मग कोर्ट दाखवलं.

नामदेवतात्या आमचे घरमालक. घोडेगावच्या पंचायत समितीत माझी बदली झाली तेव्हा गावाबाहेर त्यांच्या मळ्यातल्या दोन खोल्या मला भाड्यानं मिळाल्या. शेजारच्या दोन खोल्यांत तात्या एकटेच. बायको वारून बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. पण माणूस रिकामा कधी दिसायचा नाही, कारण ते घाट बांधायचे. आमच्याकडे बैलगाडा शर्यतीच्या धावपट्टीला घाट म्हणतात आणि एका धावेला बारी. आंबेगाव-जुन्नरात जत्रा आली की आधी तात्यांना बोलावणं यायचं. ते जायचे, माती चाखायचे आणि सांगायचे, "पाणी कमी मारा," नाहीतर "दोन ट्रॉल्या मुरूम आणा."

गाडामालकही त्यांना गाठायचे. माझे बैल या घाटावर पळतील का, एवढंच विचारायला लोक ओझरहून मोटारसायकलवर यायचे. तात्या बैलांच्या खुरांकडे बघायचे आणि एका वाक्यात निकाल द्यायचे. त्यांच्या सख्ख्या मेव्हण्यानं नवी जोडी घेतली, सगळ्या गावाला पेढे वाटले. तात्या पेढा खाऊन म्हणाले, "बैल देखणं हायेत. पण मऊ मातीचं हायेत. ह्या घाटावर न्हाई पळायचं." मेव्हण्यानं ऐकलं नाही. बैल अर्ध्या घाटात थांबले आणि दोन्ही बाजूंची माणसं बघत उभे राहिले. मेव्हणा तीन वर्षं तात्यांशी बोलला नाही. तात्यांना त्याचं वाईट वाटायचं, पण मला त्यांचं एकच सांगणं. "भाऊसाहेब, जमिनीबद्दल मी खोटं बोलत न्हाई."

मी कॉलेजात थोडंफार टेनिस खेळलो होतो. तेवढ्या पुण्याईवर मी माझ्या मुलीच्या, मंजिरीच्या हातात, ती नऊ वर्षांची असताना, माझी जुनी रॅकेट दिली. ती रोज संध्याकाळी तात्यांच्या भिंतीवर चेंडू मारायची. आठवडाभर तात्या खाटेवर बसून नुसते बघत होते. मला वाटलं, आता खोल्या खाली करा म्हणणार. आठव्या दिवशी ते म्हणाले, "पोरीचं मनगट झ्याक हाय. पण तिला जमीन कुठंय?"

आणि त्यांनी कांद्याची सात गुंठे जमीन मोडली. मी नको नको म्हणत असताना मोडली. मुरूम आला, भट्टीवरून विटांचा चुरा आला, त्यावर दगडी रोळ फिरला. जाळं म्हणून द्राक्षबागेची पक्षी अडवायची जाळी लागली. महिन्याभरात घोडेगावात टेनिस कोर्ट उभं राहिलं आणि तहसील कचेरीतली माणसं डबा खाऊन ते बघायला येऊ लागली.

त्यात एकच गोम होती. घाट चढाचा असतो, म्हणून तात्यांनी कोर्टालाही चढ दिला होता. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चांगला फूटभर. "पाणी निघून जातं, आन् पोरीची छाती तयार हुती," हे त्यांचं स्पष्टीकरण. बाप या नात्यानं वरची बाजू मी घेतली. मंजिरी दोन वर्षं खालून वर खेळत राहिली. मग पुण्यात तिची पहिली स्पर्धा झाली आणि तिचा प्रत्येक चेंडू रेषेच्या हातभर बाहेर पडला. ती सपाटून हरली. तात्या परतीच्या एसटीत खिडकीतून शेतांचे चढउतार बघत होते. मंचर आल्यावर म्हणाले, "चूक माझी. पर दोन्ही टोकं सारखी असलेली जमीन मी बी पयल्यांदाच बघितली."

दुसऱ्याच दिवशी गवंड्याची पातळी बघायची पाण्याची नळी आणून त्यांनी कोर्ट सपाट केलं.

त्यानंतर मात्र मंजिरी सुटली. चौदाव्या वर्षापर्यंत मातीवर तिला जिल्ह्यात कुणी हरवू शकत नव्हतं, हे मी बाप म्हणून सांगत नाही, हरलेल्या मुलींचे बापही सांगतील. तिनं मोक्याचा गुण घेतला की तात्या प्रेक्षकांतून हात वर करून, घाटावर ओरडतात तसं, "भिर्रर्र" असं ओरडायचे. एकदा पंचांनी खेळ थांबवून ताकीद दिली. तात्यांनी कान पकडले आणि पुढच्या गुणाला तेच हळू आवाजात केलं.

जूनच्या शेवटी टीव्हीवर विलायतेतली गवतावरची स्पर्धा लागायची. तात्या ती आमच्या घरी मांडी ठोकून बघायचे. "येवढं हिरवंगार गवत, आन् एक म्हस न्हाई," हे दरवर्षी एकदा व्हायचंच. मग अभ्यास सुरू. "गवतावर चेंडू खाली ऱ्हातो, मंजे. गुडघ्यात वाकावं लागंल. जमंल तुला. तू मेथी खुडतीस तशी वाक." गवतावर पोरगी दोन वर्षांत चालेल, मातीवर आजही चालते, असा त्यांचा हिशेब होता. सिमेंटचा विषय निघाला की ते तोंड वाकडं करायचे. "सिमेंटाला चव न्हाई. ज्याला चव न्हाई त्याचा भरवसा काय."

आणि नेमकं सिमेंटच दारात आलं. पुण्यातल्या एका प्रशिक्षकांनी मंजिरीला पाहिलं होतं. त्यांचं पत्र आलं. मुलीला आमच्याकडे ठेवा, राहण्याची सोय आहे, शाळाही जवळ आहे. मात्र आमची सगळी कोर्टं सिमेंटची आहेत आणि पुढं मोठ्या स्पर्धा बऱ्याचशा त्यावरच होतात. दिवाळीपर्यंत कळवा.

आमच्या घरात त्या दिवशी कुणी धड जेवलं नाही. बायकोचं मत पाठवावं असं. मंजिरीला जायचं होतं, पण ती म्हणाली, "तात्यांना विचारू." मलाही तेच पटलं. सुट्टीच्या दिवशी तात्या तिला बाजार समितीच्या आवारात घेऊन गेले. कांद्याच्या लिलावाची ती सिमेंटची फरशी झाडून घेतली आणि तासभर तिला चेंडू टाकले. परत आले तेव्हा मी ओट्यावर वाट बघत होतो.

"न्हाई चालायची," तात्या म्हणाले. "उसळी लई. पोरगी मातीची हाय. तिथं पाय मोडून घिईल."

मंजिरी मान खाली घालून घरात गेली. मी निकाल मान्य केला. ज्या माणसानं मेव्हण्याचीही भीड ठेवली नाही, त्याच्या शब्दावर शंका कशी घेणार? मी नकाराचं पत्र लिहिलं आणि चार दिवस खिशात घेऊन फिरलो. पाचव्या दिवशी सकाळी पोस्टात निघालो तर तात्या कोर्टावर रोळ ओढत होते. कोर्टाला रोळाची काही गरज नव्हती.

"टाकलं का पत्र?" त्यांनी विचारलं.

"आज टाकतो."

त्यांनी रोळ सोडला. "नका टाकू."

मी थांबलो.

"यार्डात पोरगी काय खेळली म्हणून सांगू, भाऊसाहेब. चेंडू खांद्यापातूर यायचा, आन् ती तिथंच त्याला गाठायची. मागं सरली न्हाई एकदाबी. मातीवर ती आर्धी बी खेळत न्हाई. सिमेंट तिचंच हाय."

"मग तुम्ही नाही का म्हणालात?"

तात्या धोतराच्या सोग्यानं हात पुसत राहिले. हात स्वच्छच होते. "सांजच्याला चेंडूचा आवाज सुरू झाला की मी चहा ठिवतो. पाच वरसं झाली. दुसरं घड्याळ न्हाई मला." मग म्हणाले, "जमिनीबद्दल पयल्यांदा खोटं बोललो, राव. चार दिस झालं, तोंडाची चव गेलीया."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. मी खिशातलं पत्र काढून त्यांच्यासमोर फाडलं आणि नवं लिहायला घरी परतलो.

मंजिरीला सोडायला आम्ही सगळे गेलो. तात्यांनी नेहमीप्रमाणे जोडे काढले, वाकून बोट ओलं केलं, सिमेंटवर घासलं आणि जिभेला लावलं. आजूबाजूची मुलं हसली. मंजिरी हसली नाही. तिनं विचारलं, "कसं आहे, तात्या?"

"ब्येस हाय," तात्या म्हणाले. "पळ बिनधास्त."

आणि ती पळाली. पुढच्याच वर्षी सिमेंटवर राज्यातल्या पहिल्या चौघींत आली. तो निकाल मला नवा नव्हता. मला तो आमच्या कोर्टावर, रोळाशेजारी आधीच मिळाला होता.

पण मला सांगायचं आहे ते तिला सोडून आलो त्याच्या दुसऱ्या दिवसाचं. संध्याकाळी ऑफिसातून आलो तर तात्या खाटेवर बसून होते आणि त्यांचा स्टोव्ह थंड होता. मी कपडे न बदलता माझी जुनी रॅकेट काढली. भिंतीसमोर उभा राहिलो. खांदा दुखत होता, तीनातला एक चेंडू कांद्यात जात होता. मी मागं वळून बघितलं नाही.

थोड्या वेळानं स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला. मग तात्या दोन कप घेऊन आले आणि एक माझ्या हातात दिला.

"तुमचं काय खरं न्हाई, भाऊसाहेब," ते म्हणाले. "पर आवाज तसाच येतोय."