फादर लूकस ओळख देत नाहीत

आमचे फादर लूकस रविवारी कुणालाच ओळखत नाहीत. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपली की ते चर्चच्या दाराशी उभे राहतात आणि वर्षानुवर्षांच्या ओळखीच्या माणसाचा हात हातात घेऊन विचारतात, "नमस्कार! कोण आपण? नवीन आलात व्हय सोलापुरात?" समोरचा माणूस आदल्याच दिवशी त्यांच्यापुढे गुडघे टेकून, नाक ओढत, आपली सगळी पापं सांगून गेलेला असतो. नवखे लोक घाबरतात. फादरांची स्मरणशक्ती गेली म्हणतात. गेलीबिली काही नाही. माझ्याकडे झगा शिवायला टाकला की दोन वर्षांपूर्वीच्या बाहीची चूक काढून दाखवतात.

ही त्यांची रीत आहे. कन्फेशनमध्ये, म्हणजे पापांच्या कबुलीत, ऐकलेलं बाहेर काढायचं नाही, हे सगळ्याच फादरांना बांधलेलं असतं. आमच्या फादरांनी त्यावर कडी केली. काय ऐकलं ते सोडाच, कुणाचं ऐकलं तेसुद्धा आपल्याला ठाऊक नाही, असं ते वागून दाखवतात. "शनिवारचं शनिवारीच पुसून टाकतो की मी," म्हणतात.

आणि गिऱ्हाईक मात्र स्वतः शोधत फिरतात. फादर मूळचे श्रीपूरचे, वडील साखर कारखान्यात कामाला. त्यामुळे बोलणं अजून तिकडचंच. भाजी मंडईत दिसा, दवाखान्यात दिसा, पहिला प्रश्न ठरलेला: "शनिवारी येताय न्हवं?" कन्फेशनच्या वेळी गळ्यात घालायचा जांभळा पट्टा कायम खिशात. एकदा घाईत त्यानेच घाम पुसताना मी पाहिलंय. चर्चची पायरी चढायला लाजणाऱ्या एका माणसाचं कन्फेशन त्यांनी शुक्रवार पेठेतल्या माझ्या शिवणकामाच्या दुकानात, ट्रायल रूममध्ये ऐकलं. बाहेर दोन पोरी युनिफॉर्म घालून बघायला खोळंबल्या होत्या. मी दार वाजवलं तर आतून आवाज आला, "थांबा की मास्तर! हितं मोठं माप चाललंय."

चर्चमधल्या कन्फेशनच्या पेटीत, म्हणजे फादर जाळीआड बसून ऐकतात त्या लाकडी खोलीत, एक टेबलफॅन आहे. तो इतका खडखडतो की एप्रिलमध्ये वारा कमी आणि आवाज जास्त. मी एकदा तेलाची बाटली घेऊन गेलो, तर फादर माझ्यावर उखडले. "तेल घातलंसा तर रांगेतला माणूस आतल्याचं ऐकंल की! ह्यो आवाज म्हंजे पडदा हाय माझा." मी बाटली गुपचूप परत आणली.

माझ्या दुकानाशेजारी मल्लप्पांचं चादरींचं दुकान. माणूस पक्का लिंगायत, गळ्यात लिंग, कपाळाला विभूती. एका दुपारी त्यांनी फादरांना अडवलं, "आमच्यासारख्याचं चालतंय का हो?" फादर म्हणाले, "आमचा संस्कार न्हाय देता येत तुमाला. पन ऐकायला काय लागतंय?" दोघे चादरींच्या गठ्ठ्यांमागे तासभर बसले. त्या दिवसापासून फादरांची स्कूटर दिसली की मल्लप्पा आत जाऊन चादरी मोजायला लागतात.

आमच्या चर्चमधल्या रोझीबाईंचं तेच. त्यांनी कन्फेशनमध्ये सांगितलं की शेजारणीच्या कुंडीतला कढीपत्ता मी रोज तोडते. हे त्यांनीच पुढे गावभर सांगितलं म्हणून मला ठाऊक. मग फादरांना जेवायला बोलावलं आणि परीक्षा घ्यायला मुद्दाम विचारलं, "फादर, कढीतला कढीपत्ता कसा लागला?" फादरांनी वाटीत डोकावून पाहिलं. "कढीपत्ता? असतोय व्हय ह्यात?" आणि दुसरी वाटी मागितली. इतकं चोख नाटक करूनही रोझीबाईंनी त्यांना परत बोलावलं नाही. "ते मजेत जेवतात हो," त्या सुशीलाला म्हणाल्या, "पण माझ्या घशाखाली घास उतरत नाही."

सुशीला म्हणजे माझी बायको. फादर दर रविवारी दुपारी आमच्याकडे जेवतात. शेंगाची आमटी, कडक भाकरी, वर कांदा. भाकरी चुरताना ते माझ्या शिवणकामाला नावं ठेवतात, मी त्यांच्या प्रवचनाला ठेवतो. निघताना चप्पल घालता घालता तेच, "मास्तर, शनिवारी येताय न्हवं?" माझं उत्तरही ठरलेलं, "माझी उसवण मी उसवतो, माझी शिलाई मी घालतो. मध्ये दुसरा कशाला?" मी हटवादी आहे, कबूल.

यंदा उपवासकाळात सुशीलाने निर्वाणीचं सांगितलं, "अहो, ईस्टरआधी कन्फेशनला गेला नाहीत तर रविवारची आमटी बंद." आमटीपुढे माझा हट्ट टिकला नाही. शिवाय म्हटलं, म्हातारा खूश होईल. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी मी रांगेत उभा राहिलो. गर्दीसाठी बाहेरगावचे एक पाहुणे फादरही आले होते, ते मारियामातेच्या पुतळ्याजवळ बसले होते. मी मात्र ऐटीत आमच्या फादरांच्या पेटीपाशी जाऊन गुडघे टेकले.

"आशीर्वाद द्या, फादर. पाप केलंय."

पंख्याच्या खडखडाटातून, जाळीमागून आवाज आला, "मास्तर? तुमी?"

"मीच. जिंकलात तुम्ही."

"हितं कशाला आलात? तिकडं पाहुणे फादर हायत. लई चांगले हायत. त्यांच्याकडं जावा की."

माझं डोकंच फिरलं. "इतकी वर्षं माझ्या मागे लागलात आणि आता हाकलता?"

"हाकलत न्हाय. सुरू केलंत तर ऐकंन, न्हाय म्हणता येत न्हाय मला." ते जाळीजवळ सरकले. "पन मास्तर, जो हितं गुडघं टेकतो, त्याच्या घरचं माझं जेवण सुटतं. त्यांचा दोष न्हाय. मी विसरलो म्हणून किती सांगितलं तरी माझं तोंड बघून त्यांना आठवतंयच की. मोकळी झाली मानसं, त्यातच माझं पोट भरतंय. पन एक घर ऱ्हाऊ द्या मला."

दर रविवारी ते कांदा फोडता फोडता इतके का रेंगाळायचे, ते मला त्या क्षणी कळलं. फार वाईट वाटलं. भांडणाशिवाय दुसरी भाषा मला येत नाही, म्हणून म्हणालो, "उद्या उशीर करू नका. भाकरी मऊ पडते." आणि उठून पाहुण्यांच्या रांगेत गेलो. तिथे काय सांगितलं ते माझ्याजवळ.

दुसऱ्या दिवशी मिस्सा संपली. हातात झावळ्या घेतलेली माणसं दारातून बाहेर पडत होती आणि फादर एकेकाचा हात धरून विचारत होते, "नमस्कार! कोण आपण?" रोझीबाईंनाही विचारलं. मी खूप मागे होतो, खांबाच्या आड. तेवढ्यात त्या सगळ्या डोक्यांवरून हाक आली, "मास्तर! जावा की म्होरं, वहिनींना सांगा, मी आलोच!"