डाव्या अंगाचे शॉकअप

या, असं जवळ येऊन बसा. आणि आधी मला सांगा, मघाशी स्टँडवर ती लाल चारचाकी बघून तुम्ही का म्हणून हसलात? एवढे मोठे झालात, दुसऱ्याची गाडी एका अंगानं वाकडी दिसली तर आधी विचारावं, मग हसावं.

ती आमच्या शेजारच्या शंकरअप्पांची. इथंच, युसूफ वडगावात त्यांचं किराणा दुकान. जन्मभर मोपेड चालवलेला माणूस, सत्तरीत ही बुटकी, शर्यतीतल्यासारखी गाडी चालवतो. रस्त्यात ब्रेकर आला की थांबतात, गाडीचं पोट घासू नये म्हणून सगळ्यांना खाली उतरवतात. रिकामी गाडी तिरपी घालून पलीकडं नेतात आणि तिथून हाक मारतात, "चला, बसा!" मी एकदा त्यांच्यासंगं केजला गेलते. बसले कमी, चालले जास्त.

गाडी त्यांच्या पोराची, महेशची. पुण्यात नोकरीला होता. त्यानंच हौसेनं कडक शॉकअप घालून ती खाली बसवून घेतलेली. "अप्पा, खालचा रस्ता अंगाला कळला पायजे," म्हणायचा. मग काविळीनं पोरगं गेलं आणि गाडी तेवढी गावाला आली.

तेव्हापासून अप्पांचा एकच प्रश्न. "शॉकअप बदलावं का ऱ्हाऊ द्यावं?" साखर घ्यायला आलेल्या बाईला विचारणार, देवळातल्या गुरवाला विचारणार. कुणी "बदला" म्हटलं की अंगावर जाणार, "मंग रस्ता कसा कळंल?" कुणी "राहू द्या" म्हटलं तरी भांडण, "तुझी कंबर जाती का?"

कंबर जात होती शकूवैनींची, त्यांच्या मंडळींची. वैनींच्या किडन्या निकामी झालेल्या. आठवड्यातून दोनदा अंबाजोगाईला रक्त धुवायला न्यायचं. हाडं पार ठिसूळ. ब्रेकरला अप्पा त्यांना हात धरून उतरवायचे, पण खड्ड्यांना काय करणार? खड्डा आला की वैनी दार घट्ट धरायच्या. तोंडातून आवाज नाही.

एकदा मी मागं बसलेली. येताना एक असा दणका बसला की वैनी कण्हल्याच. अप्पांनी गाडी बाजूला घेतली.

"बोलत का न्हाईस? दुखतंय म्हन की!"

"म्हनलं तर तुमी बदलाल ना," वैनी म्हणाल्या. "लेकराच्या हातचं हाय ते."



दुसऱ्या दिवशी अप्पा मला साक्षीला घेऊन केजला मिस्त्रीकडं. मिस्त्री म्हणाला, "चारी बदलू, अप्पा. मऊ घालतो, उंचीबी वाढंल."

"चारी न्हाई. डाव्या अंगाचे दोनच."

"एकाच अंगाचे? गाडी वाकडी दिसंल, वळणावर वढंल. असं कुणी करतं का?"

"डावीकडं ती बसती. उजवीकडं मी. मला कळू दे रस्ता."

मिस्त्री हसणार होता. अप्पांच्या तोंडाकडं बघितलं आणि त्यानं गुपचूप जॅक लावला.

गाडी गावात आली ती एका खांद्यावर पोतं घेतल्यासारखी. सगळी आळी हसली. वैनी काठी टेकत गाडीभोवती फिरल्या आणि महेश गेल्यापासून पहिल्यांदा हसल्या. "अवं, ही तर तुमच्यावानीच एका खांद्यात कललेली दिसायली!"

ती मऊ बाजू त्यांना एक पावसाळाच लाभली. दसऱ्याच्या आत गेल्या.

आता मिस्त्री म्हणतो, दोन्ही अंगं सारखी करून घ्या, एखाद्या वळणावर घात होईल. खरंच आहे त्याचं. पण परवा अप्पा दुकान उघडं टाकून माझ्या ओट्यावर येऊन बसले. "ताई, आता कोनाचं अंग बदलू? तिचं का पोराचं?" गावभर शहाणपण वाटत फिरणारी मी, चहा ठेवते म्हणून आत गेले.

अजून ब्रेकर आला की थांबतात. वाकून डावं दार उघडतात. वैनींना उतरायला लागायचा तेवढ्या वेळानं दार ओढून घेतात. मला म्हणाले, "तिकडं वजन न्हाई ना, लई उसळती गाडी."

तुम्ही अंगानं चांगले भरलेले आहात. पुढच्या खेपेला लवकर या, दोन दिवस राहायलाच या. अप्पांच्या शेजारी डावीकडं बसा. ब्रेकरला उतरा म्हणाले तर निमूट उतरा, आणि पलीकडून हाक आली की लगेच जाऊन बसा.