गेणभाऊंच्या दावणीचा रणगाडा

रामनाथनं वडिलांना, गेणभाऊंना, बैल विकायला लावले, तेव्हा त्यानं सगळ्या बाजूंनी विचार केला होता. वैरण, पेंड, गुरांचा डॉक्टर, शेण काढायला माणूस न मिळणं, भाड्यानं मिळणारा ट्रॅक्टर, सगळं. फक्त त्यांच्याकडं भाद्रपदात पोळा येतो, एवढी बारीकशी गोष्ट नजरेतून सुटली. (एरवी त्याची नजर भलती तिखट. तो डेअरीवर दुधाची फॅट बघतो, आणि सासऱ्यांच्या दुधात पाणी सापडल्यापासून सासुरवाडीला जेवायला जात नाही.)

बैल विकण्याचं खरं कारण वेगळंच होतं आणि ते फक्त त्याच्या बायकोला, वैजयंतीला, माहीत होतं. रामनाथला गोठा हवा होता. रणगाड्यासाठी.

हे खूळ तीन वर्षांपूर्वीचं. पहिला रणगाडा हातभर लांबीचा, प्लॅस्टिकचा, रिमोटवर पळणारा होता. तो ओसरीवरून घरात येताना उंबऱ्याला अडला. उंबऱ्याला अडतो तो कसला रणगाडा, असं म्हणून रामनाथनं त्याहून मोठा बांधला. तो उंबरा चढला, पण अंगणातल्या पायरीला अडला. मग त्याहून मोठा. असं करत करत खऱ्या रणगाड्याच्या एक-चतुर्थांश मापाचं धूड ओसरीत उभं राहिलं, तेव्हा वैजयंतीच्या कुरडया वाळत घालायला जागा उरली नाही.

"अहो, ह्या घरात एकतर ह्यो ऱ्हाईल न्हाईतर मी," ती म्हणाली.

रामनाथ विचारात पडला. तो जरा जास्तच वेळ विचारात पडल्याचं पाहून वैजयंतीनं स्वतःच गोठ्याकडं बोट दाखवलं.

झालं. चैत्रात बैलजोडी पेठच्या एका चांगल्या शेतकऱ्याकडं गेली. गेणभाऊंनी दोघांच्या पाठीवरून हात फिरवला, पटक्याच्या शेवानं डोळे पुसले आणि विहिरीकडं निघून गेले. ते विहिरीपर्यंत पोहोचायच्या आत रामनाथनं गोठ्यात वेल्डिंगचं मशीन नेलं होतं.

तिथून पुढं सुरू झाली सुधारणा. पहिल्यांदा गाडीच्या वायपरच्या मोटरी बसवल्या होत्या. त्या सपाटीला चालायच्या आणि चढ दिसला की हातपाय गाळायच्या. म्हणून पुण्याहून विजेवर चालणाऱ्या जुन्या व्हीलचेअरच्या दोन मोटरी आणल्या. रबरी पट्टे चिखलात घसरायला लागले म्हणून लोखंडी पट्ट्या कापून, भोकं पाडून, एकेक कडी जोडून साखळपट्टे केले. लोखंड वाढलं म्हणून बॅटऱ्या वाढल्या. बॅटऱ्या वाढल्या म्हणून स्प्रिंगा बदलल्या. स्प्रिंगा बदलल्यावर रणगाडा उंच झाला आणि त्याचा वरचा फिरता टोप लहान दिसायला लागला. रामनाथ आता जेवायलाही गोठ्यातच बसायचा. दुपारी तिथंच गव्हाणीत गोणपाट टाकून पडायचा.

टोपाचा प्रश्न कसा सुटला, ते पितरांच्या जेवणादिवशी कळलं. पन्नास माणसांच्या आमटीचं पातेलं वैजयंतीनं माळ्यावर शोधलं, कोठीत शोधलं, शेजारी विचारलं. शेवटी गोठ्यात गेली. पातेलं पालथं होऊन, हिरवा रंग लावून, पोटातून बोअरच्या पाईपची नळी काढून गोल गोल फिरत होतं.

"माझ्या आईनं दिलेलं पातेलं व्हतं!"

"वाया न्हाई गेलं," रामनाथ म्हणाला. "नळी वर बी व्हती आता. बघ."

नळी वर झाली. वैजयंती परत गेली आणि तिनं आमटी दोन घमेल्यांत केली. (घमेली धुतलेली होती, पण रामनाथच्या पानात तिनं कुठल्या घमेल्यातली वाढली, हे सांगता येत नाही.)

त्याच पंगतीत भावकीतले धर्माजी बसले होते. दुसऱ्यांदा भात घेताना ते सहज म्हणावं तसं म्हणाले, "गेणभाऊ, औंदा पोळ्याचं तोरण आमीच तोडू म्हनतो. तुमची दावण तर रिकामी."

गेणभाऊंनी हातातला घास परत पानात ठेवला.

वाडीत पोळ्याला वेशीत आंब्याच्या डहाळ्यांचं तोरण बांधतात. ते पहिल्यांदा तोडायचा मान गेणभाऊंच्या जोडीचा. आजा-पणजापासूनचा. एक वर्ष जरी मान दुसऱ्याकडं गेला, तरी तो परत येत नाही. बैल उसने आणावेत, तर तेही चालत नाही. बैल घरच्या दावणीचाच पाहिजे आणि आपल्या पायांनी चालत वेशीत आला पाहिजे, हा नियम. आणि तो नियम गेणभाऊंच्याच आज्यानं धर्माजीच्या आज्याला अडवायला केलेला.

त्या दिवसापासून गेणभाऊंनी रामनाथशी बोलणं टाकलं. रामनाथ हातभर अंतरावर बसलेला असायचा आणि ते सुनेला सांगायचे, "वैजयंती, त्याला म्हनावं, तुजी भाकर गार व्हती." रामनाथला पहिल्यांदा बरं वाटलं, सूचना कमी झाल्या. चौथ्या दिवशी मात्र त्यानं अर्धी भाकर तशीच ठेवली. म्हातारा रिकाम्या दावणीच्या खुंट्याशी जाऊन नुसता उभा राहताना त्यानं पाहिला होता, आणि आपण वेल्डिंगच्या ठिणग्यांतून एका माणसाचं वर्षाचं सुख जाळलं, हे त्याला चांगलंच समजलं.

तोड काढली ती आईनं. कोंडाबाई शेजारनं आणलेल्या शेणाच्या शेणी थापता थापता गोठ्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, "रामा, ह्ये आपलं आपन चालतं न्हवं?"

"चालतं की."

"आन् आपल्याच गोठ्यात झालं?"

"हो. पन आई..."

"मंग त्येला झूल घाल."

रामनाथनं आधी 'छे' म्हटलं. मग त्याच्या डोळ्यांपुढं सगळी वाडी वेशीत गोळा झालेली आणि मधून आपला रणगाडा डौलात चाललेला, असं चित्र आलं. मग तो 'बघू' म्हणाला. (माणूस वडिलांच्या इज्जतीसाठी किती झटतो, हे यावरून दिसून येईल.)

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी. बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळतात. कोंडाबाईंनी वाटी घेतली आणि विचारलं, "ह्येचा खांदा कुटं?"

"आई, त्याला ग्रीस लावलंय."

"ग्रीस लाव न्हाईतर रॉकेल. तूप ते तूप," म्हणून त्यांनी पुढच्या दोन्ही चाकांना हळद-तूप चोळलं. गेणभाऊ लांबून बघत होते. सुनेला म्हणाले, "त्याला म्हनावं, बैल मोकळा सोडत न्हाईत. कासरा पायजे."

रामनाथला इतका आनंद झाला, की त्यानं ताबडतोब जुना कासरा आणून रणगाड्याच्या मागच्या हुकाला बांधला. दुसरं टोक हातात धरावं तर दोन्ही हात रिमोटला लागणार. म्हणून ते टोक त्यानं स्वतःच्या कमरेला बांधायचं ठरवलं. चांगली निरगाठ मारून.

पोळ्यादिवशी दुपारी रणगाडा अंगणात उभा राहिला. पाठीवर आरशांची झूल, टोपाला बाशिंग, नळीला गोंडे, दोन्ही बाजूंना घुंगरमाळा. सजलेलं जनावर पाहून गेणभाऊंना राहवलं नाही. त्यांनी झुलीची सुरकुती हातानं साफ केली. रामनाथ कमरेला कासरा, डोक्याला फेटा, गळ्यात रिमोट अशा थाटात मागं उभा राहिला. वेस तिथून शंभर पावलांवर. धर्माजींची जोडी वाजतगाजत निघाल्याचा आवाज येत होता.

"चला, निघू," रामनाथ म्हणाला.

"थांब," कोंडाबाई म्हणाल्या. "उपाशी काढतोस व्हय दारातनं?"

त्यांच्या हातात नैवेद्याचं ताट होतं. पोळ्याला बैलाला पुरणपोळी भरवल्याशिवाय घरधनीण त्याला हलू देत नाही, आणि कोंडाबाईंनी पन्नास वर्षांत हा नेम चुकवला नव्हता. त्यांनी पोळी गुळवणीत बुडवली, वर तूप सोडलं आणि रणगाड्याच्या पुढं उभ्या राहून तोंड शोधायला लागल्या. नळी उंच होती. त्यांनी टोपावरचं झाकण उचललं.

"आई, तिथं नको!" रामनाथ मागून ओरडला. "तिथं कंट्रोलर हाय!"

"असंना का. त्यो बी खाईल," म्हणून कोंडाबाईंनी निथळती पोळी आत सोडली. आणि पोटभर व्हावं म्हणून वाटीतली उरलेली गुळवणीही वरून ओतली.

आतून सुर्रर्र असा आवाज आला. कोंडाबाई समाधानानं म्हणाल्या, "खाल्ली बघ."

पुढच्या क्षणी रणगाडा उधळला.

रामनाथनं रिमोटची एक कांडी मागं ओढली, दुसरी मागं ओढली, दोन्ही मागं ओढल्या. रणगाडा पुढंच. सगळं एका झटक्यात बंद करायचं लाल बटण त्यानं मोठ्या दूरदृष्टीनं बसवलं होतं. ते टोपाच्या आत होतं. पोळीखाली.

कासरा ताणला गेला आणि रामनाथ पळायला लागला. शाळा सुटल्यापासून तो पळाला नव्हता. घुंगरमाळा छनछनत होत्या, टोप गोल फिरत होता, नळी आभाळाकडं जाऊन तिथंच अडकली होती, आणि मागून फेटा सुटलेला रामनाथ "धरा! धरा!" ओरडत चालला होता. लोकांना ते "हुर्रा!" सारखं काहीतरी वाटलं असावं, कारण त्यांनी टाळ्या वाजवल्या. वैजयंती पदर खोचून मागं धावली. गेणभाऊ काठी टाकून धावले, कोंडाबाई ताटासकट धावल्या.

"अहो, गाठ सोडा की!" वैजयंती ओरडली.

"निरगाठ हाय!" रामनाथ ओरडला.

वेशीत धर्माजींची जोडी तोरणापासून दहा पावलांवर आली होती. सरपंच लंकाबाई ओवाळायला ताट घेऊन उभ्या होत्या. तेवढ्यात डाव्या अंगानं लोखंडाचा खडखडाट आला. धर्माजींचे बैल शहाणे. त्यांनी एकदा बघितलं आणि ते घराकडं वळले. रणगाडा तसाच सुसाट वेशीत घुसला, आभाळाकडं रोखलेली नळी तोरणात अडकली, दोरी तुटली, आणि सगळ्या डहाळ्या मागून येणाऱ्या रामनाथच्या गळ्यात पडल्या. वेशीपलीकडच्या शेणखताच्या ढिगात रणगाडा खुपसला आणि पोळी करपल्याचा वास सोडून गप्प झाला. रामनाथ त्याच्या शेजारी, गुडघ्यांवर आणि हातांवर, येऊन थांबला.

धर्माजी गरजले, "ह्ये चालायचं न्हाई! ह्यो काय बैल हाय?"

लंकाबाईंनी हातातलं ताट खाली ठेवलं. त्यांना निवडणुकीत दोन्ही घरांची मतं होती. त्या सावकाश म्हणाल्या, "नियम काय म्हनतो? घरच्या दावणीचा पायजे. ह्यो कुटं झाला?"

"आमच्या गोठ्यात," कोंडाबाई धापा टाकत म्हणाल्या.

"आपला आपन चालत आला?"

"आपला आपनच आला बाई," वैजयंती म्हणाली. "ह्यांचं तर काईच ऐकत नव्हता. समद्यांनी बघितलं."

लोक हसले. धर्माजी मात्र कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि शेवटचा डाव टाकला. "बरं. ह्यो बैल, असं धरून चालू. पन मानाला जोडी लागती. एकटा बैल वेशीतनं आत घेत न्हाईत. गेणभाऊ, जोडीतला दुसरा कुटं हाय?"

आता कुणी हसलं नाही. हे खरं होतं. पोळ्याला एकटा बैल हे वाईट लक्षण. लंकाबाईंनी गेणभाऊंकडं पाहिलं. गेणभाऊंचा चेहरा पडला. सहा महिन्यांपूर्वी दावणीला दोन होते, तेव्हा हा प्रश्न विचारायची कुणाची टाप नव्हती.

रामनाथला उठायचं होतं, पण कासऱ्यानं उठू देईना. तो तसाच चार पायांवर मान खाली घालून उभा होता. गळ्यात आंब्याची पानं, कपाळाला शेण, तोंडाला फेस. आपल्यामुळं बापाचा मान गेला, या विचारानं त्याला रडू यायच्या बेतात होतं. त्यानं बोलायला तोंड उघडलं. नैवेद्याच्या ताटात एक पोळी उरलीच होती. कोंडाबाईंनी ती त्याच्या तोंडात कोंबली.

गेणभाऊंनी रणगाड्याकडं पाहिलं, रामनाथकडं पाहिलं, मधल्या कासऱ्याकडं पाहिलं.

"ह्यो काय दुसरा," ते म्हणाले.

"घरच्या दावणीचा हाय का?" लंकाबाईंनी हसू दाबत विचारलं.

"चैत्रापासनं गोठ्यातच हाय," वैजयंतीनं साक्ष दिली. "तितंच खातो, तितंच गव्हाणीत लोळतो. कवा बी येऊन बघा."

"आपल्या पायांनी आला?"

"पळत आला!" सगळी वाडी एका आवाजात ओरडली.

ताशा वाजायला लागला. लंकाबाईंनी आधी रणगाड्याला कुंकू लावलं, मग रामनाथला. पोळीनं तोंड भरलेलं असल्यामुळं त्याला हरकत घेता आली नाही. गेणभाऊंनी पुढं होऊन इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मुलाच्या पाठीवर हात ठेवला, दोनदा थोपटलं आणि धर्माजींकडं वळून ताठ मानेनं म्हणाले, "उजवा चांगला निघाला. डावा जरा अंगचोर हाय, पन घरचाच हाय. करता काय?"